मिशीवाली माशी

गेल्या वर्षी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोदकांच्या आणि आराशीच्या फोटोंच्या मधोमध एक माशी येऊन बसली. फोटो मामाने टाकला होता. खानापूर तालुक्यात त्याची शेती आहे, आणि घरामागच्या बांधावर सातेरी मधमाश्यांच्या काही पेट्या आहेत. फोटोत वाळक्या बांबूच्या टोकावर एक लांबोडकी, तपकिरी, केसाळ पायांची माशी होती आणि तिच्या पायांत एक मेलेली सातेरी. खाली मामाने एवढंच लिहिलं होतं : "ही कोण?"

अर्ध्या तासात उत्तर आलं. ते लिहिलं कोणी ते माहीत नाही, पण तीन जणांनी पुढे ढकललेलं होतं. ही मॅलोफोरा नावाची दक्षिण अमेरिकेतली माशी आहे, मधमाश्यांचा काळ आहे, आपल्या देशात शिरली आहे, दिसेल तिथे कीटकनाशक फवारा. शेवटी लाल रंगाची सावधानतेची चिन्हं.

मामाचा राग मी समजू शकत होतो. पावसाळा हा आमच्या भागात मधमाश्यांसाठी उपासाचा काळ. सलग पाऊस, फुलं कमी, आणि माशी पेटीबाहेर पडली तरी भिजून जायची भीती. वसाहती रोडावतात. मामाने जून-जुलैत साखरेचा पाक घालून त्या जगवल्या होत्या. अशा वेळी कोणी परकी येऊन दारातून एकेक माशी उचलून नेणार असेल, तर कोणीही पंप भरेल. मामाने तो भरायला घेतला होता. मी बेळगावात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, पण सात-आठ वर्षं किड्यांचे फोटो काढत हिंडतो म्हणून घरात मला 'किड्यांचा डॉक्टर' म्हणतात. मामाचा फोन आला. "मारायची का सोडायची, तेवढं सांग की."

मी म्हटलं, आधी नाव नीट ठरू दे. उद्या येतो, तोवर पंप ठेव बाजूला. आणि एखादी मेलेली मिळाली तर टाकू नकोस. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा काड्यापेटीत एक तयार होती. टॉवेलचा फटका बसलेली, पण पंख शाबूत. सोबत मी दहापट मोठं दाखवणारं भिंग नेलं होतं, सोनार वापरतात तसलं.

पहिला प्रश्न अगदी साधा. ही खरोखर माशी आहे का? गांधीलमाशीला, मधमाशीला आपण 'माशी' म्हणतो, पण त्यांना चार पंख असतात. खऱ्या माश्यांना आणि डासांना दोनच. मागच्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्यासारख्या दोन बारीक दांड्या उरलेल्या असतात. उडताना त्या थरथरत राहतात आणि शरीर किती कलतंय, किती वळतंय, याची खबर देतात. तुमच्या फोनमध्ये तो कसा वळतोय हे ओळखणारा जायरोस्कोप असतो, त्याचाच हा जुना भाऊ. काड्यापेटीतल्या प्राण्याच्या पंखांखाली त्या दोन दांड्या स्पष्ट दिसत होत्या. म्हणजे माशीच.

दुसरा प्रश्न कुळाचा, आणि तो डोक्यावर सुटतो. माशीला समोरून बघायचं, अगदी तोंडासमोर तोंड नेऊन. घरातल्या माशीचं डोकं वरून गोलसर असतं. हिचं तसं नव्हतं. दोन मोठे डोळे दोन बाजूंना उंच उठलेले आणि मधे टाळूवर खोलगट दरी. त्या दरीत एक छोटा उंचवटा, आणि उंचवट्यावर तीन बारीक साधे डोळे. ही दरी दिसली की कुळ जवळजवळ ठरलंच. इंग्रजीत यांना रॉबर फ्लाय म्हणतात, मराठीत लुटारू माशी म्हणू. शास्त्रीय नाव ॲसिलिडी. जगभरात या कुळाच्या सात हजारांहून जास्त जातींची नोंद झालेली आहे. आणि लुटारू हा शब्द तसा चुकीचाच आहे. ही कोणाचं आयतं पळवत नाही, स्वतः शिकार करते, तीही बहुतेकदा उडत्या किड्याची, हवेतच.

दरीच्या खाली, चेहऱ्यावर, तोंडाच्या वर, राठ केसांचा झुपका असतो. कीटकशास्त्रात त्याला मिस्टॅक्स म्हणतात, आणि हा ग्रीक शब्द मिशीचाच आहे. आपल्या भाषेत तर माशी आणि मिशी यांत एका वेलांटीचाच काय तो फरक, त्यामुळे मामाच्या नातवाला हे नाव फारच आवडलं. पण मिशी शोभेची नाही. मधमाशी, गांधीलमाशी, भुंगेरा, चतुर अशा पाय झाडणाऱ्या, चावणाऱ्या, नांगी मारणाऱ्या भक्ष्याला ही माशी तोंडाजवळ धरून ठेवते. त्या झटापटीत तिचा चेहरा आणि डोळे या केसांच्या ढालीमागे राहतात. मिशीतले केस काळे आहेत, पिवळे आहेत की पांढरे, किती आहेत, चेहऱ्याच्या किती भागावर पसरलेत, हे सगळं पुढे ओळख पटवताना कामाला येतं. म्हणून फोटो काढणाऱ्याने मिशीचा फोटो काढलाच पाहिजे. बहुतेक जण पाठीचा काढतात.

मिशीच्या खाली सोंड. डासाची असते तशी नाजूक सुई नाही, आखूड, कठीण, काळी चकचकीत. तिच्या आत भोसकणारं पातं असतं. भक्ष्य पकडलं की माशी मान किंवा पाठीवरचा एखादा मऊ सांधा शोधते, तिथे सोंड खुपसते आणि लाळ आत सोडते. या लाळेत विष असतं. भक्ष्याची हालचाल थांबते, आणि मग त्याच लाळेतली पाचक द्रव्यं आतलं मांस पातळ करतात. मग शांतपणे फांदीवर बसून ते शोषून घ्यायचं. शेवटी खाली पडतं ते नुसतं टरफल. २०१८ मध्ये युरोपातल्या दोन जातींच्या विषाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सापडलेल्या काही नव्या घटकांना या कुळावरूनच असिलिडिन असं नाव दिलं गेलं. माणसाचं रक्त ही माशी पीत नाही. मात्र मुठीत धराल तर स्वतःला सोडवण्यासाठी सोंड टोचू शकते आणि ते चांगलंच दुखतं. भिंगातून बघायला नातवंडं पुढे सरसावली तेव्हा मेलेलीवर भागवा म्हटलं ते याचसाठी.

डोळ्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण या कुळाचं सगळं यश तिथे आहे. प्रत्येक संयुक्त डोळा हजारो छोट्या भिंगांचा. यातली समोर बघणारी भिंगं बाजूच्यांपेक्षा मोठी असतात. अमेरिकेत होल्कोसेफाला नावाची एक लुटारू माशी आहे, जेमतेम ६ मिलीमीटर लांब, म्हणजे भाताच्या दाण्याएवढी. केंब्रिजच्या संशोधकांनी तिच्यासमोर बारीक दोऱ्याला ओवलेले मणी वेगाने फिरवले आणि तिचा पाठलाग वेगवान कॅमेऱ्याने टिपला. २०१७ मध्ये त्यांनी लिहिलं की तिच्या डोळ्याच्या मधल्या भागातली नजर तिच्यापेक्षा कित्येक पट मोठ्या चतुरांच्या तोडीची आहे. बसल्या जागेवरून अर्ध्या मीटरच्या आसपास असलेला मणी ती हेरते. आणि ती मण्याच्या मागे उडत नाही. मणी जिथे पोचणार आहे तिथे ती जाते.

हे ती कसं साधते ते मला, नोकरीमुळे असेल, सगळ्यात जास्त आवडतं. तुम्ही स्कूटरवरून चौकाकडे जाताय आणि डावीकडून एक रिक्षा येतेय. ती रिक्षा तुमच्या नजरेत हळूहळू पुढे किंवा मागे सरकत असेल तर धोका नाही. पण ती तुमच्या नजरेतल्या त्याच जागी राहून फक्त मोठी होत गेली, तर टक्कर नक्की. माशी नेमकी ही टक्कर घडवून आणते. भक्ष्य नजरेत एकाच कोनात राहील असा आपला मार्ग ती बदलत राहते. अंतराचा हिशोब नाही, वेगाचा हिशोब नाही, एक कोन धरून ठेवला की काम झालं. शेवटच्या सुमारे ३० सेंटीमीटरवर ती वेग कमी करते, वळते आणि भक्ष्याच्या मागून, जवळजवळ त्याच्याच वेगाने जाऊन त्याला उचलते. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. तांदळाएवढ्या जिवाच्या मेंदूत एवढा नेटका कोड बसलेला बघून आमच्या ऑफिसातल्या काही प्रकल्पांची मला आठवण होते, आणि मी विषय बदलतो.

तर कुळ ठरलं. आता खरा वाद : ही मॅलोफोरा आहे का?

नावच आधी बघू. मॅलोफोरा म्हणजे लोकर बाळगणारी. या वंशातल्या माश्या गुबगुबीत असतात, अंगभर दाट लव, लांबून बघणाऱ्याला जाडजूड भुंगाच वाटावा अशी. तो वेष मुद्दाम घेतलेला आहे, नांगीवाल्याच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. काड्यापेटीतल्या माशीचं पोट लांब, मागे निमुळतं होत गेलेलं, त्यावर फिकट आणि गडद पट्टे, आणि लोकर म्हणावी असं काही नाही. शिवाय मॅलोफोरा हा वंशच मुळात अमेरिका खंडांतला. एखादा प्राणी समुद्र ओलांडून येऊच शकत नाही असं नाही, पण तसं म्हणायला पुरावा लागतो, आणि इथे अंगावरचे कपडेच जुळत नव्हते.

मग ती कोण? ओळख पटवण्याच्या पद्धतीला कीटकशास्त्रात 'की' म्हणतात. प्रत्येक पायरीवर दोन पर्याय : हे असेल तर पुढच्या अमुक पायरीवर जा, नसेल तर तमुक पायरीवर. आमच्या धंद्यातल्या पोरांना वेगळं सांगायला नको, ही इफ-एल्सची उतरंड आहे, संगणकाच्या कितीतरी आधीची. नियमही तोच. एका पायरीवर तुम्ही अंदाजाने उत्तर दिलंत की पुढचं सगळं वाया.

मिशा झाडून पुढे जायचं ते शिंगांवर, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिकांवर. तिसऱ्या पेराच्या टोकाला काडीसारखा भाग असतो. तो भाग पिसासारखा, एका बाजूला केसांची फणी असलेला असेल तर माशी ओमॅशियसच्या गटातली. ही आपल्या बागांमधेही दिसते, छोटी, सडपातळ. आमच्या पेटीतलीची काडी साधी होती, घोड्याच्या एका केसासारखी. पुढची पायरी पंखाची, आणि इथे उजेड लागतो. मामाच्या ओसरीवर पंख आकाशाकडे धरून बघितला.

माशीचा पंख म्हणजे शिरांनी आखलेला घराचा नकाशा असतो. पुढच्या कडेला लागून असलेलं पहिलं घर कडेला पोचण्याआधीच दोन शिरा एकत्र येऊन बंद झालेलं होतं, त्याने आपण योग्य उपकुळात आलो. त्याच्या खाली, पंखाच्या टोकाकडे, पुढची घरं. बऱ्याचशा वंशांत ती दोन असतात. इथे त्यातल्या पहिल्या घरात एक छोटी आडवी शीर होती. दोन खोल्यांच्या घरात मधे पार्टिशन घालून तीन खोल्या कराव्यात तशी. मी मोजलं, मामेभावाने मोजलं, मामीने चष्मा लावून मोजलं. तीन. आपल्याकडच्या या उपकुळात ही तिसरी खोली प्रोमॅकस वंशाची मोठी खूण आहे. फिलोडिकस नावाची दुसरी एक वंशाची मंडळी दिसायला हिची सख्खी बहीण वाटते, पण तिच्या दोनच खोल्या, आणि तिच्या मादीच्या शेपटीच्या टोकाला काट्यांचं कडं असतं. आमच्या माशीच्या शेपटीला उलट पांढऱ्या केसांचा छोटा गोंडा होता. प्रोमॅकसच्या अनेक जातींत नराला असा गोंडा असतो, उन्हात तो लांबूनही चमकतो.

प्रोमॅकस हा वंश लोव्ह या जर्मन शास्त्रज्ञाने १८४८ मध्ये वेगळा केला. ग्रीक भाषेत प्रोमॅकोस म्हणजे आघाडीवर राहून लढणारा. या वंशाच्या दोनशेहून जास्त जाती जगात आहेत, आणि आफ्रिका-आशियातल्या उष्ण भागांत त्या भरपूर. म्हणजे मामाच्या बांधावरची ही माशी परकी नव्हती. तिचा वंश इथलाच, जुना रहिवासी. फाब्रिसियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७७५ मध्ये वर्णन केलेली मॅक्युलेटस ही जाती याच वंशातली, आणि ती भारतातली आहे.

मामेभावाने मधेच फोनमधल्या ॲपला तोच फोटो दाखवला. ॲपने क्षणात उत्तर दिलं : अमेरिकेतल्या एका प्रोमॅकसची पूर्ण जाती, वर टक्केवारीसकट. वंश बरोबर, जाती हजारो मैल लांबची. यात जादू नाही आणि लबाडीही नाही. अशा ॲपला ज्या फोटोंवर शिकवतात त्यांत उत्तर अमेरिका आणि युरोपातले फोटो डोंगराएवढे असतात आणि आपल्याकडचे मूठभर. ज्याला जे दाखवलं तेच तो ओळखणार. टक्केवारीचा आकडा त्याची खात्री सांगतो, माशीची जात नाही. ॲप वापरू नका असं मी म्हणणार नाही, मी रोज वापरतो. पण त्याचं उत्तर उतरंडीवर पायरी-पायरीने तपासून घेतो आणि जिथे पुरावा संपतो तिथे थांबतो.

इथे पुरावा वंशापाशी थांबला. जातीपर्यंत जायचं तर मिशीतल्या केसांचे रंग, पायांच्या कोणत्या भागावर कोणता रंग, पोटाचे पट्टे आणि सगळ्यात शेवटी नराच्या शेपटीतले जननेंद्रियाचे भाग बघावे लागतात. ते बघण्यासाठी शेपटीचं टोक दाहक क्षारात मऊ करून, साफ करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात, कारण एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जातींत हेच भाग खात्रीने वेगळे असतात. हे ओसरीवरचं काम नव्हे. भारतातल्या लुटारू माश्यांवर काम करणारी माणसं मोजकी. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या जोसेफ आणि परुई या दोघांनी वर्षानुवर्षं या कुळावर काम केलं आणि त्यांचा ग्रंथ १९९८ मध्ये निघाला. एवढ्या मोठ्या देशासाठी दोन नावं चटकन आठवतात यातच सगळं आलं. आपल्यातल्या कोणाला प्राणिशास्त्रात काही करायचं असेल तर इथे गर्दी नाही.

मामा हे सगळं ऐकून म्हणाला, "काय बघालास एवढं? नाव कायबी असू दे, माझ्या माश्या खाते का नाही?"

खाते. तिथे वाद नाही. पण नाव मिळाल्यामुळे एक गोष्ट करता आली, ती म्हणजे त्या नावाखाली जगात काय लिहून ठेवलंय ते वाचता आलं.

आधी मॅलोफोराचंच सांगतो, कारण त्या संदेशात निम्मं खरं होतं. अर्जेंटिनाच्या पंपास या गवताळ मैदानात मॅलोफोरा रूफिकॉडा नावाची जाती आहे आणि तिथले मधपाळ तिच्यावर खरोखर वैतागलेले असतात. पेट्यांजवळ बसून ती कामकरी माश्या उचलते. पण तिची मादी अंडी घालते ती उंच गवतावर आणि कुंपणांवर. अळ्या बाहेर आल्या की वाऱ्याने जमिनीवर पडतात, मातीत शिरतात आणि वासाच्या मागावर भुंगेऱ्यांच्या अळ्या शोधून त्यांच्यावर जगतात. म्हणजे आपण जिला हुमणी म्हणतो तिच्या तिथल्या बहिणी. वरच्या मजल्यावर मधपाळाचं नुकसान, खालच्या मजल्यावर शेतकऱ्याची चाकरी. तोच प्राणी, फक्त वय वेगळं. संदेश लिहिणाऱ्याने खालचा मजला गाळला होता.

आणि प्रोमॅकस? चीनमधे प्रोमॅकस येसोनिकस या जातीच्या अळ्या मातीतली हुमणी खातात आणि हुमणीला आवर घालायला त्यांचा उपयोग होऊ शकतो, असा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. हुमणी हा शब्द ऐकल्यावर मामा पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसला. ऊस, भुईमूग, रताळी यांची मुळं आणि कंद कुरतडणारी ही पांढरी अळी आमच्या भागात कोणाला नवी नाही, आणि आदल्या वर्षी मामाच्या रताळ्यांचा बराच भाग तिने खाल्ला होता. चिनी जातीचा दाखला देऊन त्याच्या रताळ्यांची हमी घेणं मला पटणारं नव्हतं, आणि तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं. पण ज्या वंशाच्या अळ्या हुमणी खातात हे कागदावर आहे, त्या वंशावर हिशोब न करता विष मारू नये, एवढं म्हणायला तो दाखला पुरेसा होता.

दोन दिवस सकाळी आम्ही पेट्यांजवळ बसलो. उन्हं वर आल्यावर माश्या यायच्या आणि ठरलेल्या जागांवर बसायच्या : दोडक्याच्या मांडवातून वर आलेली वाळकी बांबूची टोकं, कुंपणाचे खांब, एक सुकलेली फांदी. समोर मोकळं आकाश दिसेल अशीच जागा. मधूनच एक झेप, परत त्याच टोकावर. तिच्या पायांत कधी सातेरी होती, कधी छोटा भुंगेरा, कधी दुसरीच एखादी माशी, एकदा नाकतोडा. मधमाशीसाठी तिला वेगळा राग नाही, समोरून जे जातं ते ती उचलते. पेटीच्या दारासमोर बांबू रोवला की समोरून मधमाश्याच जाणार.

मग हिशोब असा झाला. चांगल्या चालत्या पेटीत हजारो कामकरी असतात, राणी हंगामात रोज शेकडो अंडी घालते, आणि कामाच्या दिवसांत कामकरी माशीचं आयुष्यच महिना-दीड महिन्याचं. तिथे दिवसाला काही माश्या गेल्याने पेटी बसत नाही. वेडा राघूही तेवढ्या नेतो, त्याला आपण हुसकावतो, मारत नाही. पंपातलं औषध मात्र प्रोमॅकस आणि सातेरी असा भेद करत नाही, पेट्यांजवळ फवारलं तर आधी पेट्याच बसणार. हे मामालाही माहीत होतं, रागात विसरला होता. पण एक पेटी खरोखर अशक्त होती, तिच्या दारावर वर्दळ जेमतेम. तिथे एकेक माशी मोलाची होती आणि मामाची काळजी रास्त होती.

आम्ही पेट्यांच्या उडत्या वाटेवरची वाळकी टोकं कापून टाकली, सुकलेली फांदी तोडली. बसायला जागा गेल्यावर माश्या मांडवाच्या पलीकडच्या अंगाला सरकल्या, पुऱ्या गेल्या नाहीत. अशक्त पेटीजवळ येणाऱ्यांना मामा टॉवेलने हाणत राहिला आणि मी त्याला अडवलं नाही. पंप मात्र रिकामा करून माडीवर गेला. ग्रुपवर मी तिसरी खोली दाखवणारा पंखाचा फोटो टाकला. त्याला दोन अंगठे मिळाले. मूळ संदेश अजून फिरतोच आहे, या वर्षी तो मला एका वेगळ्याच ग्रुपवरून आला.

तुमच्या आसपासही या माश्या आहेत, शोधायला शेत लागत नाही. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पावसाळ्यात सकाळी फिरताना मला तीन-चार प्रकार सहज दिसतात. गवताच्या काडीवर टाचणीसारखी सरळ बसलेली, इतकी बारीक की सुईचतुर वाटावी अशी एक. कुंडीच्या काठावर येणारी पिसाच्या शिंगांची ओमॅशियस. घाटाच्या बाजूला तर काळ्या, निळसर पंखांच्या, लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची हुबेहूब नक्कल करणारी हायपरेकियाही याच कुळातली. तो भुंगा आहे की माशी हे ठरवायला पुन्हा पंखच मोजायचे, चार की दोन.

फोटो काढाल तर एक काढू नका, चार काढा. एक समोरून, डोळ्यांमधली दरी आणि मिशी दिसेल असा. एक बाजूने, पायांचे रंग दिसतील असा. एक शेपटीच्या टोकाचा. आणि एक वरून, पंखाचा. माशी भक्ष्य घेऊन बसली असेल तर ती सहसा लगेच उडत नाही, तेव्हा हळूहळू जवळ जाता येतं. भक्ष्य काय आहे तेही टिपा. जागा, तारीख, वेळ लिहा, आणि आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकताना नाव वंशापर्यंतच येत असेल तर वंशापर्यंतच लिहा. तिथे जातीचं कोरं राहिलेलं घर पुढे जाणकार भरू शकतो. अंदाजाने भरलेलं घर मात्र खोडायला वेळ लागतो, आणि तोवर त्यावरून एखादं ॲप शिकून मोकळं होतं. पंखाच्या फोटोसाठी सूर्य माशीच्या मागे असू द्या, शिरा उठून दिसतात आणि खोल्या मोजता येतात.